पिठात काही उमटलं नाही

रबाळे
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू जिवंत आहेस हे मला माहीत आहे. तुमच्या नाटकाचा सेट सांभाळणाऱ्या नामदेवलाही माहीत आहे, तो माझ्यासमोर बसून एका दाराच्या बिजागऱ्या बदलतोय. जासईत मात्र रविवारपासून तुझं सुतक चालू आहे.

मी प्रीतम. अक्षरावरून ओळखलंच असशील. मोठ्या बहिणीला लिहिताना सुरुवातीला तीर्थरूप वगैरे काहीतरी असतं, शाळेत ते पाच मार्कांना यायचं आणि मी ते सोडून निबंध घ्यायचो. ते तू धरून चाल. फक्त कागद फाडू नकोस. त्या यूट्यूबवाल्यासमोर बसून मी आपल्या घरातलं सगळं ओकलो, मग तू नंबर बदललास, मला ब्लॉक केलंस. बरोबर केलंस. पण हे तसलं नाही.

क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो.

मी हल्ली जुईनगरला रणजीतच्या फ्लेक्सच्या दुकानात आहे. कंटेनर यार्ड सोडलं, इथलीच रबाळ्याची एक कंपनी सोडली, मध्ये दोन महिने गोव्याला होतो, तिथे एकाच्या होडीला रंग देत होतो, ते जाऊ दे. दुकानात चार साचे तयार असतात: वाढदिवस, निवडणूक, सत्यनारायण आणि मयत. फोटो टाकायचा, नाव बदलायचं, प्रिंट मारायची. मयताच्या साच्यात काळी चौकट, एक पणती आणि झेंडूचा हार. गेल्या गुरुवारी तुझ्या मालिकेच्या जाहिरातवाल्यांची ऑर्डर आली. बारा फ्लेक्स. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये तू, नऊवारीत, नथ घालून, खाली 'राजनंदिनी उदयसिंह' आणि त्याच्या खाली लाल पट्टीत मालिकेचं नाव आणि वेळ. नाक्यानाक्यावर लावायचे. लोक थांबून हळहळतील आणि संध्याकाळी टीव्ही लावतील, असं त्यांचं डोकं. तू नाटकाच्या दौऱ्यासाठी मालिका सोडलीस म्हणून त्यांनी राजनंदिनीला घाटात गाडीसकट खाली टाकलं, हे मला दुकानातच कळलं.

नमुन्याची पहिली प्रिंट चुकली. लाल पट्टी राहून गेली आणि नाव भलतंच पडलं. 'कै. उन्नती पंढरी घरत, जासई.' दुकानात कुणाच्या तरी हातून झालं. जाहिरातवाला भडकला, आम्ही दुसरी काढून दिली, विषय संपला.

चुकलेला फ्लेक्स आपल्याकडे कोण फेकतो? कौलांवर घालायला, सुकट वाळवायला, लाकडांवर टाकायला. आपल्या लाकडांवर गेल्या वर्षीचा एक उमेदवार हात जोडून झोपलाय, त्याच्या डोळ्यावर कोंबडी बसते. बाबांनी नवीन मागितला होता. रविवारी सकाळी मी सात-आठ गुंडाळ्या बांधून गावच्या टेम्पोत टाकल्या आणि मी मोऱ्याला गेलो. जेट्टीवर पोरं होती, पलीकडे जाऊ म्हणाली, लाँचमध्ये चढताना मोबाईल पाण्यात गेला. गेला तर गेला म्हटलं. बुधवारी घरी उगवलो.

दारात चपलाच चपला. मला वाटलं बाबा गेले.

आई सांगते ते असं. बाबांनी अंगणात दोरी सोडली, फ्लेक्स पायाने सरकवत उलगडला. आधी पणती आली, मग हार, मग तू. बाबांना वाचायला वेळ लागतो ना, बोट ठेवून वाचलं. 'घरत'पर्यंत पोचले आणि परत 'कै.'पासून सुरुवात केली. तीन वेळा.

मला फोन लावले, माझा फोन मोऱ्याच्या खाडीत. पोरांनी मोबाईलवर शोधलं तर बातमी: 'राजनंदिनीचा मृत्यू, चाहते सुन्न', वर तुझा फोटो. एकानेही ती बातमी उघडून पुढे वाचली नाही. बायका म्हणाल्या, ती खरोखर गेली म्हणूनच मालिकेत मारली, नाहीतर एवढी चांगली चालती कोण मारेल. मयत कुठे म्हणून कुणी विचारलं, तर दुसऱ्याने सांगितलं नाटकवाल्यांनीच उरकलं असेल. पोरांनी तोच फ्लेक्स उचलून नाक्यावर बांबूला बांधला. यार्डात जाणारे कंटेनर तुझ्याखालून जातायत.

आणि बाबा. तू पहिल्या दौऱ्याच्या बसमध्ये चढलीस त्या दुपारी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन 'आमाला मेली ती' म्हणालेला माणूस ओटीवर भिंतीला पाठ लावून बसलाय. नऊ वर्षं घरात तुझं नाव नाही. आई शेजारी जाऊन तुझी मालिका बघायची, तेही बाबा देवळात गेले की. रविवारी बाबांनी आणखी एक गोष्ट केली, ती मी इथे लिहीत नाही.

मी सरळ सांगितलं, ताई जिवंत आहे.

"तुला कोनी सांगितलं?"

"फ्लेक्स आमच्या दुकानातला आहे, बाबा. चुकून छापलाय."

"मयताचं नाव चुकून छापतात?"

मी मित्राच्या मोबाईलवर तुझा मागचा एपिसोड लावला. बघितलं, आणि मोबाईल पालथा ठेवला. "टीव्हीवर मेलेली मानसंबी नाचताना दिसतात. ह्यो आजचा हाय कशावरनं?"

तुझा नंबर नाही. तुमच्या मॅनेजरचा मिळवला, तो म्हणाला, "भाऊ का? या वेळी कुठल्या चॅनलला देताय?" आणि ठेवला. पेपरात बघितलं तर तुम्ही सातारा, कोल्हापूरच्या दौऱ्यावर, आणि रविवारी वाशीला दुपारी चारला प्रयोग. मग कुणीतरी सांगितलं तुमच्या सेटचं गोडाऊन रबाळ्याला आहे. इथे भिंतींच्या पाठीवर खडूने लिहिलंय, 'किचन डावी', 'किचन उजवी', आणि एका राजाच्या पलंगावर कुत्री झोपलीय. तुझं घर नऊ वर्षं हेच म्हणायचं. नामदेव दार घेऊन आज साताऱ्याला निघतोय. नंबर देत नाही म्हणाला, चिठ्ठी देईन म्हणाला.

मंगळवारी दहावा आहे. खाडीवर पिंड ठेवायचा. भटजी म्हणाला, एकदा तो पाण्यात गेला की माणूस त्या घरचं राहत नाही, मग परत आलं तरी. बाबा हे ऐकून नुसते मान हलवतात.

ओटीच्या कोपऱ्यात दिवा आहे. त्याच्याजवळ आई रोज संध्याकाळी पीठ पसरून वर टोपलं झाकते. सकाळी टोपलं उचलून बघायचं, गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल उमटतं म्हणतात. पाखराचं, माणसाचं, कशाचंही. बाबा स्वतः वाकून बघतात. चार दिवस पीठ जसंच्या तसं आहे.

टीव्हीवर त्यांचा विश्वास नाही. पण नाटकात माणूस समोर असतं. मी त्यांना रविवारी घेऊन येतो. मॅनेजर मला दारातून हाकलेल, तेवढं सांगून ठेव. तू त्यांच्याशी बोल असं मी म्हणत नाही. तू फक्त स्टेजवर ये.

नामदेव घाई करतोय.

प्रीतम


जासई
शनिवार, ८ नोव्हेंबर

ताई,

पाकीट मिळालं. दोन पास. एफ २१, एफ २२. मी पाकीट तीनदा उलटं करून झटकलं, आणखी काही असेल म्हणून. नामदेवला विचारलं, वाचताना चेहरा कसा होता? तो म्हणाला, "मेकअप चालू होता, कळलं नाय. पन थांबवला तिनं मेकअप." एवढंच.

तू हुशार आहेस म्हणून आधीच सांगतो. दुकानात तुझं आडनाव आणि गाव माहीत असलेला एकच माणूस आहे. नाव मीच टाइप केलं. तुझा फोटो समोर होता, हात सवयीने गेला.

बाबांसमोर पास ठेवले. म्हटलं, उद्या वाशीला ताईचं नाटक आहे, चला, डोळ्यांनी बघा. त्यांनी पास हातात घेतले, उलटसुलट केले, आणि मला जे विचारलं ते मला दोन दिवस विचार करूनही सुचलं नसतं.

"नाटक सुटल्यावर नटीला घरी कोन सोडतं?"

मी म्हटलं, बस असते. असेल. मला काय माहीत.

मग दुपारभर बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नाही. आई पापड लाटत होती, सुतकात पापड कोण लाटतं म्हणून आत्या तिला ओरडली, तर म्हणाली, "मना हाताला काम पायजे." लाटणं मध्येच थांबलं ते थांबलंच.

तू सांगायचीस ना, लहानपणी जत्रेतल्या नाटकात एका बाईने तुझ्या गालाला लाली लावली, आणि तुला तेव्हाच कळलं आपण काय व्हायचं ते. यूट्यूबवर मी तेही सांगून टाकलं होतं. त्या बाईचं नाव सुचिता. लालबागला राहायची. गावच्या नाटकात बाप्ये सगळे आपलेच असायचे पण नटी बाहेरून आणायला लागायची, आणि आणायचं काम बाबांचं. ते मंडळाचे सेक्रेटरी. मला हे माहीतच नव्हतं. बाबा आणि नाटक, एका वाक्यात मी कधी ऐकलं नाही.

१९९८ ची जत्रा. बाबा तिच्या घरी गेले, तिच्या आईने दारातच विचारलं, पोरीला परत कोण आणणार? बाबांनी शब्द दिला, मी. नाटक सुटलं की लगेच.

नाटक सुटलं, आणि गावातली माणसं टेम्पोच्या पुढे मांडी घालून बसली. अजून एक गाणं म्हण, मग सोडतो. एक झालं, दुसरं. ती पडद्यामागे साडी बदलायला गेली तर तिथे उजेड मारला कुणीतरी. बाबांनी ती माणसं नावाने सांगितली मला. त्यातले दोघे आता आपल्या ओटीवर सुतकाला येऊन बसतात, चहा पितात. उजाडेपर्यंत तिला उभी ठेवली.

"मी हात जोडून हुबा व्हतो," बाबा म्हणाले. "दोन्ही बाजूला हात जोडले. तिलाबी, त्यांनाबी. हात जोडून काय व्हतं?"

सकाळी टेम्पोत चढताना ती एवढंच म्हणाली, दादा, तुमच्या शब्दावर आले होते.

पुढच्या वर्षी बाबा परत लालबागला गेले, नाटकाचं विचारायला नाही, नुसतेच. तिने काम सोडलं होतं. त्यानंतर बाबा मंडळात गेले नाहीत. कुणी कारण विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तू कॉलेजात एकांकिका केल्यास तेव्हा चाललं त्यांना, दिवसाउजेडी परत यायचीस. दौऱ्याचं नाव काढलंस आणि ते वेडेपिसे झाले. मला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं होती, मला वाटायचं इज्जतीचा प्रश्न. लोक काय म्हणतील वगैरे. मी यूट्यूबवर तसंच ठासून सांगितलं, माझे वडील जुन्या विचारांचे.

मी म्हटलं, बाबा, मग तिला हे सांगायचं ना.

"काय सांगू? का तुजा बापूस तिथं हुबा व्हता?"

ताई, मी हे लिहितोय आणि ते तिकडे विहिरीवर बसलेत, पास खिशात आहेत. येतो असं म्हणाले नाहीत. आईला म्हणाले, मी तिला एकदा मारली, आता देवानं मारली, मी कुठल्या तोंडानं बघायला जाऊ. त्यावर आई म्हणाली ते लिहून ठेवतो.

"तुमी एकदा मारलीय तर दोनदा कशी मरंल? पिठात काय तरी उमटलं असतं का नाय?"

हे पत्र नामदेवकडे देतो. सेट उतरवायला तो सकाळीच वाशीला जाणार. तू हे प्रयोगाच्या आधी वाचावंस की नंतर, मला कळत नाही. नंतरच वाच.

प्रीतम


वाशी, नाट्यगृहाबाहेर
रविवार, दुपारी साडेतीन

जाहिरातीच्या कागदाच्या पाठी लिहितोय. तुला कसं पोचवणार माहीत नाही.

आले. रिक्षातून उतरले, मोठ्या बोर्डासमोर उभे राहिले. बोर्डावर तू आहेस, हार नाही, हसतेयस. खाली फक्त 'उन्नती'. बाबांनी विचारलं, "आडनाव नाय लावत?" मी म्हटलं नाही. मग पायरीवर बसले ते उठत नाहीत. समोरच्या गाडीवर वडे तळतायत, मला भूक लागलीय आणि लाज वाटतेय. पहिली घंटा झाली.

म्हणतात, तू जा, बघून ये आणि मला सांग.

मी म्हटलं, मी सांगितलेलं तुम्ही बुधवारीही ऐकलं नाहीत.

दुसरी झाली.


जुईनगर
सोमवार, १० नोव्हेंबर

ताई,

तुला वाटलं असेल बाबा आलेच नाहीत. किंवा आले आणि मध्यंतरात उठून गेले. एफच्या दोन्ही खुर्च्या दुसऱ्या अंकात रिकाम्या होत्या, तू बघितलंस, मला माहीत आहे तू बघितलंस. पहिल्या अंकातच एक रिकामी झाली तेव्हा तू संवाद म्हणताना त्या बाजूला थांबलीस. लोकांना वाटलं अभिनय.

तिसऱ्या घंटेला ते उठले. आपले आपण चालायला लागले. दारावरच्या माणसाने बाबांकडे बघितलं, पासकडे बघितलं, आणि सोडलं. आत अंधार. पडदा उघडला तर 'किचन डावी', 'किचन उजवी', मला ओळखीचं वाटलं. आणि तू पाठमोरी, विजेच्या शेगडीवर कढई. बाबा पुढे वाकले. पाठ तर कुणाचीही असू शकते.

मग तू फोडणी टाकलीस.

खरी टाकता हे मला माहीत नव्हतं. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका एफपर्यंत आला, मागे कुणीतरी खोकलं, तूही खोकलीस. खोकताना तू तोंड खांद्यात खुपसलंस, आई करते तसं. बाबा उभे राहिले.

मागून आवाज, "काका, खाली बसा." मी शर्ट ओढला. ते खुर्च्यांमधून बाहेर गेले, भिंतीला लागून उभे राहिले आणि पहिला अंक संपेपर्यंत तिथेच. तू बोलत होतीस, चालत होतीस, लोक हसत होते, तू थाळी आपटलीस तेव्हा बाबा दचकले. मला नाटक विचारशील तर एक शब्द सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो.

मध्यंतरात म्हणाले, "जिती हाय."

मी म्हटलं, चला ना आत, मेकअपरूममध्ये. बटाटेवडापण तिकडेच मिळतो, असं काहीतरी बोललो, मला काय बोलतोय कळत नव्हतं.

"नको. गाडी कुठं लागते ती दाखव."

दुसरा अंक आम्ही मागच्या गेटपाशी काढला. बस उभी होती. बाबांनी ड्रायव्हरला गाठलं.

"बायांना नाक्यावर सोडता का घराशी?"

"घराशी, काका. सोसायटीच्या गेटच्या आत."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आनि वाटेत गाडी कोनी अडवली तर?"

ड्रायव्हर हसला. बाबा हसले नाहीत, तसा तोही थांबला. म्हणाला, "काका, सतरा वर्षं चालवतोय. दार आतून लावतो."

प्रयोग सुटला, आतून टाळ्या ऐकू आल्या. एकेक जण बाहेर यायला लागलं. बाबा बोटं मोजत होते, बाया किती, बाप्ये किती. तू शेवटी आलीस. तोंडाला स्कार्फ, खांद्याला मोठी बॅग, अर्धा मेकअप तसाच. बस मागे यायला लागली. गेटपाशी एक टकलू म्हातारा वाटेत उभा होता. तू त्याचा कोपर धरलास, बाजूला केलंस आणि म्हणालीस, "काका, जरा मागे व्हा, गाडी येतेय."

ते बाबा होते.

पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते हेच. रविवारी फ्लेक्स वाचल्यावर बाबांनी न्हाव्याला बोलावून डोकं भादरलं, मिशीसुद्धा. भावकी म्हणाली, बाप लेकीसाठी भादरत नाही, तशी रीत नाही. ऐकलं नाही. मला लिहायला जमलं नव्हतं. नऊ वर्षांत वाळलेत, त्यात मिशी नाही, तू ओळखणार तरी कशी. मी पलीकडे दहा पावलांवर होतो, हाक मारणार होतो. बाबांनी लांबूनच हात केला, गप्प. बस गेल्यावर म्हणाले, "जितं मानूस समोर, आनि मी तिच्या नावानं भादरलेला. तिला असं तोंड दाखवू नको."

बस सिग्नलला वळेपर्यंत उभे होते. रिक्षात पूर्ण वाट तो कोपर दुसऱ्या हाताने धरून बसले होते.

घरी आई दारातच. बाबा सरळ ओटीवर गेले, टोपलं उचललं, पीठ कोरं. अंगठ्याने वात विझवली. आई ते पीठ गोळा करून कोंबड्यांना घालायला गेली, परत येईना, बघितलं तर खुराड्यापाशी बसून रडत होती. आठ दिवस डोळ्यातून टिपूस नव्हता तिच्या.

भावकी चिडलीय. आठवडाभर मासळी बंद ठेवली, ती कशासाठी म्हणतात. फ्लेक्स मी काढून आणला.

आता राहिलं ते. हे लिहायचं होतं म्हणून दुकानात आलो, रणजीत बाहेर गेलाय, मशीन बंद आहे.

नाव सवयीने पडलं नाही, ताई. त्या दिवशी तुझा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि मला राग आला. नाक्यानाक्यावर तू, आणि मला ब्लॉक. मी साचा उघडला, 'कै.' नंतर कर्सर लुकलुकत होता, मी तुझं पूर्ण नाव टाकलं. बाबांचं नाव, आडनाव, गावसुद्धा. दोन मिनिटं बघत बसलो. बरं वाटलं मला. खोटं का बोलू, बरं वाटलं. पुसणार होतो. तेवढ्यात रणजीतने नमुना मागितला, मी दुसरीकडे काहीतरी बघायला लागलो, आणि प्रिंट गेली. मी असाच आहे, तुला माहीत आहे, एक काम धरलं की दुसरीकडे डोळा. पण ते नाव मी बघून बघून टाकलं होतं.

आज सकाळी बाबांना हे असंच्या असं सांगितलं. मला वाटलं हात उचलतील. मी गाल पुढे करूनच बसलो होतो.

ते म्हणाले, "मी तोंडानं मारली, तू कॉम्पुटरवर. आपन दोघंबी त्याच जातीचे." आणि उठून फ्लेक्स घेतला, लाकडांवर टाकला. तुझं तोंड खाली, पांढरी बाजू वर. चार दगड ठेवले. त्या उमेदवाराला काढून मला म्हणाले, ह्याला घेऊन जा.

उद्याचा दहावा नाही. पण भटजी म्हणतो, बापाने डोकं भादरलं म्हणजे माणूस गेल्यात जमा, ते आता तसंच उंबरा ओलांडून आत येऊ शकत नाही. त्याला परत जन्माला घालावं लागतं. बारसं करायचं. फ्लेक्स उलगडला त्या रविवारपासून बारावा दिवस गुरुवारी येतो, १३ तारखेला. मी हसलो, चौतीस वर्षांची बाई पाळण्यात कशी मावेल. आई म्हणाली, "पालना नको. आत्येनं कानात नाव सांगितलं का झालं." सुमित्राआत्या तयार आहे, तिने घुगऱ्यांचे चणे भिजवायचंसुद्धा ठरवून टाकलंय.

मी बाबांना विचारलं, नाव काय सांगायचं कानात?

"तिलाच विचार. तिला जे पायजे ते. आडनाव लावायचं का नाय, तेबी तिलाच विचार."

तू येशील की नाही मला माहीत नाही. माझ्यामुळे नको येऊस, मी त्या दिवशी घरी नसलो तरी चालेल, मोऱ्याला जाऊन बसेन. मी बाबांना म्हटलं, पत्रात तुमच्याकडून काय लिहू? माफी वगैरे? ते विहिरीवर तोंड धुवत होते, डोक्यावर खुंट आलेत पांढरे. नको म्हणाले. मग मी फाटकापर्यंत पोचल्यावर मागून हाक मारली, आणि जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवतो, कारण मी बदललं तर बिघडेल.

"लिही, आनायला प्रीतम येल. परत सोडायला मी. दिवस मावळायच्या आत, पार दारापावत."

प्रीतम